पाठीवरचा तक्ता

रस्त्यावर आपटलेल्या माणसाला लोक आधी हात देतात की आधी सल्ला, हा प्रश्न माझ्यापुरता तरी सुटला आहे. आधी सल्ला. मी पालथा पडलो होतो, सायकल माझ्या अंगावर पडली होती, आणि वरून कुणीतरी म्हणत होतं, "काका, उभ्या गाड्यांपासून जरा लांबून चालवायची." दुसरा म्हणाला, "एवढा करडा शर्ट घालून बाहेर पडायचंच कशाला? डांबरात मिसळून जातोय माणूस." करडा शर्ट हा आमच्या दुकानाचा गणवेश आहे, हे मी त्याला सांगणार होतो, पण माझं तोंड त्या वेळी डांबराला टेकलेलं होतं.

घडलं ते एवढंच. मी कामावर निघालो होतो. आमच्या बिल्डिंगच्या फाटकाबाहेर एक गाडी कडेला उभी होती. मी तिच्या बाजूने पुढे जातोय तोच ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि मी त्या दाराला भेट देऊन खाली उतरलो. दार उघडणारे गृहस्थ म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे जज्जसाहेब. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटेच असतात, पण अजूनही त्यांनी नुसतं पाहिलं तरी समोरचा माणूस खिशातले हात बाहेर काढतो. त्यांनी मला उठवलं, माझा चष्मा शोधून दिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. पण तुम्ही मला दिसला नाहीत, हेही खरं आहे."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण माझा व्यवसायच मुळी लोकांना दिसतं की नाही हे बघण्याचा. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी नंबर काढतो. जज्जसाहेबांच्या नाकावरचा चष्मा मी काढलेल्या नंबराचा होता. तो घातल्यावर त्यांनी तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ एकदाही न अडखळता वाचून दाखवली होती. तेव्हा 'तुम्ही दिसला नाहीत' याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर माझं काम कच्चं, नाहीतर मी स्वतः.

बायकोने दुसरा अर्थ पसंत केला. "त्यांचं काय चुकलं?" गुडघ्याला औषध लावता लावता ती म्हणाली. "तुम्ही नाहीच दिसत कुणाला. हॉटेलात वेटर माझ्याकडून ऑर्डर घेतो आणि तुमच्यासमोर पाणीसुद्धा ठेवत नाही."

हे खोटं नव्हतं. बँकेचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडत नाही. मागून कुणी येईपर्यंत मी थांबतो आणि त्याच्याबरोबर आत शिरतो. पण या गोष्टींची यादी करण्याची ही वेळ नव्हती, आणि मी तसं म्हणणार एवढ्यात माझ्या लक्षात आलं की औषधाच्या कापसाचा अर्धा भाग माझ्या गुडघ्याऐवजी विजारीला लागतोय.  ती खूप घाबरली होती.

"सायकल बंद," ती म्हणाली. "उद्यापासून बस."

मी गयावया केली. सायकल ही माझी हौस नाही. मी दिवसभर ज्या खोलीत बसतो तिला खिडकी नाही. असून चालत नाही. सकाळी सायकलवर जाताना आणि संध्याकाळी येताना जेवढा उजेड अंगावर पडेल तेवढाच माझ्या वाट्याचा दिवस. बसमध्ये मला कुणीतरी खांब समजून टेकतं आणि माझा स्टॉप निघून जातो. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कापूस फेकला आणि निकाल दिला.

"ठीक आहे. काय हवं ते करा, पण दिसा. आणि ज्यांना दिसला नाहीत त्या जज्जसाहेबांनी माझ्यासमोर म्हणायला हवं, की हो, आता दिसतात. ते माझ्या किंवा तुमच्या समाधानासाठी खोटं बोलणार नाहीत. ते म्हणाले तर चालवा. नाही म्हणाले तर सायकल विकायची."

तोपर्यंत हळू चालवण्याची अंतरिम परवानगी मिळाली.

मी दिसावं यासाठी मग सगळी बिल्डिंग कामाला लागली. माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांनी माझ्याकडे एकदम लक्ष दिल्याचं मला आठवत नाही. वरच्या मजल्यावरचे काका अग्निशमन दलात होते. त्यांचं म्हणणं, दिसण्यावर अवलंबून राहणं हाच मूर्खपणा. "आमची गाडी लोकांना दिसायच्या आधी ऐकू जायची," ते म्हणाले आणि त्यांनी माळ्यावरून एक पितळी घंटा काढून आणली. ती हँडलला बांधल्यावर सायकल डावीकडे ओढ घ्यायला लागली. मेहुण्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याने पुढे पांढरा, मागे लाल, आणि चाकांच्या काड्यांत लुकलुकणारे असे दिवे बसवले. वर दोन आरसेही लावले. त्या आरशांत मला मागचा रस्ता दिसेल असं तो म्हणाला होता. प्रत्यक्षात मला माझी कोपरं दिसायची.

अशी सजलेली सायकल घेऊन मी परत आलो तर फाटकावर वॉचमनने अडवलं. स्टिकर नाही. सायकलला कधीपासून स्टिकर लागायला लागला, असं विचारायला मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. हा माणूस नियम पाठ म्हणत नाही, तो नियमांतूनच बोलतो.

"आजवर ती सायकल होती," सेक्रेटरी म्हणाले. "आता तिला हेडलाइट आहे, टेललाइट आहे, आरसे आहेत. आपल्या नियमात याला वाहन म्हणतात."

"मग स्टिकर द्या."

"देतो की. पण तो पुढच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवायचा. बाहेरून चिकटवलेला चालत नाही."

"सायकलला पुढची काच कुठे असते?"

"ते तुम्ही बघा. मी कुणाच्या वाहनाच्या रचनेत पडत नाही."

मी दोन दिवस सायकलकडे बघत बसलो. तिला पुढच्या बाजूला एकच काच होती, ती मेहुण्याने लावलेल्या दिव्याची. शेवटी तो दिवा उघडून स्टिकर आतून चिकटवला. वॉचमनचं समाधान झालं. मात्र त्या दिवसापासून अंधार पडला की माझ्या पुढे रस्त्यावर उजेडाऐवजी आमच्या सोसायटीच्या नावाची मोठी सावली पळायला लागली. एक म्हातारे गृहस्थ ती वाचायला रस्त्यातच थांबले.

शिंप्याने भगभगीत केशरी रंगाचं जाकीट शिवून दिलं. ते घालून मी जज्जसाहेबांच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, आता दिसतो का?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "समोर उभे आहात, तेव्हा दिसता. रस्त्यावर दिसाल का, हे मी आत्ता कसं सांगू? जे पाहिलं नाही त्यावर मी बोलत नाही." मग म्हणाले, "रविवारी सकाळी मी गाडीत बसतो. तुम्ही शेजारून सायकल न्या. तुमच्या पत्नींसमोरच होऊन जाऊ दे."

रविवारला चार दिवस होते, आणि इथे मी जे केलं ते फक्त माझ्या व्यवसायातला माणूसच करू शकतो. मला वाटलं, रंग झाला, दिवे झाले, आवाज झाला, पण हे सगळं रस्त्यावर इतरांकडेही असतं. माणसाची नजर हमखास जिथे जातेच अशी गोष्ट कोणती? आणि उत्तर तर रोज माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. डोळे तपासायचा तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. इतकी वर्षं मी बघतोय, तो तक्ता दिसला आणि माणसाने वाचला नाही असं होत नाही. लाइट दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा शिडीवर उभा राहून तो वाचतो. दुकानात एक जुना, मऊ प्लास्टिकचा तक्ता पडला होता. मी तो शिंप्याकडे नेला आणि जाकिटाच्या पाठीवर शिवून घेतला. शिंपी शिवता शिवता तक्ता वाचत, नाक कापडाच्या जवळ नेत शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना दिसलो. मागून येणारी प्रत्येक गाडी माझ्या पाठीशी हळू होत होती. मला धन्य वाटलं. मग जाणवलं की हळू झालेली गाडी मागे राहत नाहीये, जवळ येतेय. अगदी जवळ. मोठं अक्षर लांबून दिसायचं, दुसरी ओळ थोडी जवळून, आणि शेवटची ओळ वाचायची तर माझ्या मागच्या चाकाला नाक लावण्यावाचून इलाज नव्हता. तक्ता नीट दिसला नाही की माणूस खुर्चीतून पुढे सरकतो. हे मी रोज बघतो, रोज "मागे टेकून बसा" असं ओरडतो, आणि नेमकं हेच मी विसरलो होतो. माझ्या मागे एक अख्खी बस पुढे सरकत होती.

सिग्नलला एक स्कूटरवाले शेजारी येऊन थांबले. "अहो, खालून तिसरी ओळ मला जरा पुसट दिसतेय. नंबर लागला असेल का?"

अशा वेळी गप्प बसावं. पण समोरचा माणूस पुसट म्हणाला की माझ्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडतं. "एक डोळा झाकून बघा," मी म्हणालो.

त्याच क्षणी सिग्नल सुटला. मी निघालो. ते गृहस्थही निघाले, माझ्या मागोमाग, एका हाताने डावा डोळा झाकून आणि उरलेल्या हाताने स्कूटर चालवत. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही, कारण आरशांत माझी कोपरं होती. मागचं मडगार्ड चेपलं आणि मी एका भाजीच्या गाडीला मिठी मारून थांबलो. स्कूटरवाल्यांना काही लागलं नाही. ते उठून म्हणाले, "डाव्याने साफ दिसतं. उजव्याचाच घोटाळा आहे." संध्याकाळी ते दुकानात आले. आणखी दोघे आले. मालक एवढे खूश झाले की तक्त्याखाली दुकानाचा फोन नंबर घालू या म्हणाले, अगदी बारीक अक्षरांत.

घरी चेपलेलं मडगार्ड लपवता आलं नाही. बायकोने ते पाहिलं आणि अंतरिम परवानगी रद्द केली. रविवारपर्यंत मी बसने गेलो. दोनदा माझा स्टॉप चुकला.

रविवारी सकाळी फाटकाबाहेर सगळी बिल्डिंग जमली. सेक्रेटरींनी रस्ता सोसायटीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे आपली जबाबदारी नाही असं आधीच जाहीर केलं आणि मग सगळ्यांत पुढची जागा घेतली. जज्जसाहेब गाडीत बसले. इंजिन बंद, खिडकीची काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. "तुम्ही दिसलात की मी हात वर करीन," ते म्हणाले. माझी बायको फाटकाला टेकून उभी होती, हातांची घडी घालून.

पहिली खेप. मी मागून आलो, त्यांच्या खिडकीशेजारून गेलो. इतक्या जवळून, की त्यांच्या अत्तराचा वास आला. हात वर गेला नाही. बोनेटच्याही पुढे बराच गेलो तेव्हा कुठे वर झाला. लोक हसले. दुसऱ्या खेपेला मी सगळे दिवे लावले आणि पितळी घंटा बडवत आलो. "ऐकू आलात," जज्जसाहेब समोर बघत म्हणाले. "दिसला नाहीत." आणि हात पुन्हा तिथेच, मी पुढे गेल्यावर वर झाला. अग्निशमनवाले काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मुद्दाम करतायत म्हातारबुवा. एवढा केशरी माणूस आंधळ्यालाही दिसेल." तिसऱ्या खेपेला मी गाडीच्या दुसऱ्या बाजूने गेलो. तोच प्रकार.

बायको पुढे आली आणि तिने सायकलचं हँडल धरलं. "झालं," ती म्हणाली. "मी जाहिरात देते विकायची." तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी केशरी जाकिटात, लुकलुकणाऱ्या सायकलीशेजारी, सगळ्या बिल्डिंगसमोर उभा होतो, आणि तरीही न दिसणारा ठरलो होतो. एवढा अपमान मला करड्या शर्टातही कधी वाटला नव्हता.

अपमानाने माणूस जमिनीकडे बघतो. मीही बघितलं. फाटकापाशी सांडलेल्या पाण्यातून गेल्यामुळे रस्त्यावर माझ्या ओल्या टायरांच्या खुणा होत्या, आणि मनात आलं की तिन्ही वेळा हात एकाच ठिकाणी वर झाला. मी बोनेटपुढे ठरावीक अंतरावर गेलो की. डावीकडूनही तेवढ्याच अंतरावर. मुद्दाम करणाऱ्या माणसाला इतकं मोजून करता येत नाही. मग त्यांच्या गाडीकडे बघितलं. तिच्या दोन्ही बाजूंचा रंग फाटकाला घासून गेला होता. आणि आठवलं की चष्मा करायला आले होते तेव्हा तक्ता घडाघडा वाचून उठताना त्यांनी कोपराने फ्रेमांचा अख्खा स्टँड पाडला होता, आणि मी म्हणालो होतो, असू दे साहेब, जागाच अडचणीची आहे.

मी खिडकीशी गेलो. "साहेब, जरा माझ्या नाकाकडे बघा. डावा डोळा झाका. मी बाजूने बोट आणतो, दिसलं की सांगा. मान हलवायची नाही."

मी हात पूर्ण लांबवला आणि बोट हळूहळू आत आणायला लागलो. एवढ्या बाजूला धरलेलं बोट कुणालाही दिसतं. ते गप्प होते. आणखी आत आणलं. त्यांची नजर माझ्या नाकावर घट्ट होती, शिकवल्यासारखी सरळ. बोट जवळजवळ आमच्या दोघांच्या मधोमध आलं तेव्हा ते म्हणाले, "आता."

दुसऱ्या डोळ्याचं तेच झालं. 

"काय निघालं, चष्मेवाले?" त्यांनी विचारलं.

"चष्मा बरोबर आहे," मी म्हणालो. "समोरचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. बाजूचं दिसत नाही. हळूहळू जातं ते, दुखत नाही, म्हणून कळत नाही. मला कळायला हवं होतं. उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे जायचं, मी येतो बरोबर." मला फार वाईट वाटत होतं. मी त्यांच्या डोळ्यांत भिंग लावून बघितलं होतं आणि मला फक्त नंबर दिसला होता.

"आणि गाडी?"

मी दाराच्या घासलेल्या रंगावर हात ठेवला. दर रविवारी ते गावाबाहेर राहणाऱ्या बहिणीकडे जेवायला जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं तेवढंच एक जाणं-येणं. ते थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग चावी काढली, दार उघडायच्या आधी मान पूर्ण वळवून मागे पाहिलं, उतरले, आणि चावी माझ्या बायकोसमोर धरली.

"वहिनी, ही तुमच्याकडे ठेवा. मी मागितली तरी द्यायची नाही. मी मागणार, हे मला माहीत आहे."

बायकोने सायकलचं हँडल सोडलं आणि दोन्ही हातांनी चावी घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "रविवारी तुम्हाला पोचवायची जबाबदारी आमची," ती म्हणाली. मेहुण्याकडे व्हॅन आहे. त्याला हे त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकतं. थेंब वेळेवर घातले जातात की नाही हे बघायला बायको रोज खाली जाते, आणि जज्जसाहेब तिच्यासमोर शिस्तीत मान मागे टाकतात. माझ्या सायकलचा विषय तेवढ्यात मागे पडला. मी तो आपणहून काढला नाही. घंटा परत केली, तक्ता उसवला. जाकीट ठेवलं, मागचा लाल दिवा ठेवला, आणि उभ्या गाडीपासून उघड्या दाराएवढं अंतर ठेवून चालवायला शिकलो. हे एवढंच करायचं होतं, आणि हे मला डांबरावर पडल्या पडल्याच एकाने सांगितलं होतं.

हल्ली सकाळी जज्जसाहेब फिरायला निघतात तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत आणि परत त्यांच्या सोबत जातो. सायकल हातात धरून, रहदारीच्या बाजूने. बाजूने येणारं त्यांना दिसत नाही. मधूनमधून ते समोर बघतच विचारतात, "आहात ना?" मी म्हणतो, "आहे." तेवढंच बोलणं होतं.

परवा आम्ही परतलो तर बायको फाटकात उभी होती. चेष्टेत म्हणाली, "काय साहेब, आज तरी दिसले का आमचे हे?"

जज्जसाहेब थांबले. चेष्टेच्या प्रश्नालाही ते विचार करूनच उत्तर देतात. "नाही, वहिनी," ते म्हणाले. "पूर्ण रस्ताभर एकदाही दिसले नाहीत. पण होते. हे मी शपथेवर सांगतो."

 बायकोने माझ्या जाकिटाची वर गेलेली कॉलर नीट केली आणि म्हणाली, "निघा आता. दुकानाला उशीर होतोय."